बर्फीला भेटायला वाशिमला

आधी एक कबुली देऊन टाकते. २०२५च्या जुलैमध्ये मी माझ्या सख्ख्या आत्याला मारून टाकलं. फोनवर!

झालं असं, की शुक्रवारी दुपारपर्यंत एका मासिकाला स्टोरी द्यायची होती आणि मला एक ओळ लिहवत नव्हती. एडिटरना फोन केला. म्हटलं, ‘सर, घरी डेथ झालीय.’ पलीकडून लगेच, ‘ओह! कोण गं?’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आत्या.’

आत्या मंगरूळपीरला असते आणि एकदम ठणठणीत आहे. गेली होती ती बर्फी. आमची कुत्री. (हे वाचत असाल तर सॉरी, सर. स्टोरी सोमवारी दिली होती ना!)

‘कुत्री’ हा शब्द आपल्याकडे नीट उच्चारताच येत नाही. शिवी दिल्यासारखा वाटतो. तिच्याबद्दल रडायचं तर आणखीनच कठीण. आजी गेली म्हटलं की दहा दिवस कुणी मेल टाकत नाही. कुत्री गेली म्हटलं तर समोरचा एक सेकंद गप्प बसतो आणि मग म्हणतो, ‘अरेरे... दुसरी आण ना!’

बर्फी २०१२मध्ये आली. मी दहावीत होते. वाशिमच्या एसटी स्टँडमागे पावसात कुडकुडत बसलेलं पिल्लू दप्तरात घालून घरी आणलं. महिनाभर तिनं तोंडातून आवाज काढला नाही. तेव्हाच रणबीर कपूरचा ‘बर्फी’ लागला होता, त्यातला हीरोही बोलत नाही. झालं, नाव पक्कं! पुढे ती इतकी भुंकायला लागली की शेजारच्या काकूंनी नाव बदलायची सूचना केली.

मग मी शिकायला पुण्याला आले. मास कॉम, नोकरी, मग फ्रीलान्सिंग. बर्फी राहिली आई-बाबांकडे. आपल्यापैकी कितीतरी जणांचं असंच असतं, नाही? फोनच्या वॉलपेपरवर पेट ‘आपलं’, पण रात्री दोन वाजता त्याची उलटी पुसतात ते आई-बाबा. व्हिडिओ कॉलवर मी ‘बर्फीऽऽ’ म्हणून ओरडायचे आणि ती फोनच्या मागे जाऊन मला शोधायची.

जुलैच्या एका मंगळवारी आईचा फोन आला. बर्फी खात नाहीये. बाबांनी तिला अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेच्या दवाखान्यात नेऊन आणलं होतं, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. ‘येतेस का?’ आई म्हणाली. मी म्हटलं, ‘शुक्रवारी डेडलाइन आहे गं, शनिवारी पोचते.’ बुधवारी तिनं परत फोन केला, तेव्हा मी एका मुलाखतीत होते. उचलला नाही. गुरुवारी रात्री बर्फी गेली.

बाबांनी तिला जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलं, ऑटो केला आणि गावी नेलं. काकांनी शेताच्या धुऱ्यावर खड्डा केला. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. त्या शनिवारी मी गेलेच नाही. जाऊन करणार काय होते?

मग पोळ्याला का गेले? खरं कारण सांगते. पोळा २२ ऑगस्टला होता, शुक्रवारी. पुण्यातल्या मैत्रिणी ‘लाँग वीकेण्ड, लोणावळा!’ करत होत्या आणि मला कुणासोबत हसायची ताकद नव्हती. घरी जायचं निमित्त मिळालं.

रात्रीची स्लीपर

पुण्याहून वाशिम म्हणजे रात्रभराचा ट्रॅव्हल्सचा प्रवास. मुंबई-नागपूरवाल्यांची आता मजा आहे. ५ जून २०२५पासून समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला आणि तो आमच्या जिल्ह्याला आडवा कापत जातो. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, कुठेही उतरा. आगगाडीनं यायचं तर अकोला-पूर्णा लाइनवर वाशिम स्टेशन आहे.

बसमध्ये खालच्या बर्थवरचे काका मोबाइलचा आवाज मोठा करून रील बघत होते. नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण. आठवतं ना? १९९२पासून कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या मठात असलेली हत्तीण जुलैच्या शेवटी कोर्टाच्या आदेशानं गुजरातला, वनतारात गेली आणि निरोप द्यायला लोटलेलं अख्खं गाव ढसाढसा रडलं. हत्तिणीचं भलं कशात, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मी मात्र पडद्याआडून तो आवाज ऐकत पडले होते आणि मला त्या लोकांचा चक्क हेवा वाटत होता. त्यांना निरोप देता आला. सगळ्यांसमोर, रस्त्यावर, मोठ्यांदा रडून.

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९मध्ये अशा दुःखावर पुस्तक संपादित केलं. समाज ज्याला दुःख म्हणून मान्यताच देत नाही, ज्याला सुट्टी नाही, सांत्वनाला येणारी माणसं नाहीत, असं दुःख. पेट जाणं हे त्याचं अगदी नेहमी दिलं जाणारं उदाहरण. मास कॉमच्या एका असाइनमेंटसाठी मी यावर दोन पानं लिहिली होती. मार्क चांगले पडले होते. उपयोग मात्र शून्य झाला.

पहाटे मालेगाव गेलं आणि दोन्ही बाजूंना सोयाबीन सुरू झालं. ऑगस्टमधलं वाशिम बघायचं ते याच वेळी. ओलं, हिरवं, काळ्या मातीचं. मधूनमधून तुरीचे उंच तास. टुरिस्ट ब्रोशरमध्ये आमचा जिल्हा सापडत नाही. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा लहानसा जिल्हा. पण गाव जुनं आहे, महाराजा! वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, वत्सगुल्म, ती हीच. याच शाखेच्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची सोळा आणि सतरा नंबरची लेणी कोरली गेली. सतराव्या लेण्यात एका हत्तीची जातककथा रंगवलीय. आंधळ्या आईपासून तोडून राजाच्या हत्तीखान्यात आणलेला हत्ती खायचंच सोडून देतो आणि शेवटी राजा त्याला परत पाठवतो. शाळेच्या ट्रिपमध्ये हे बघितलं होतं तेव्हा लक्ष होतं ते डब्यातल्या पुऱ्यांकडे.

घरी पोचले. गेट उघडलं आणि कुणीच भुंकलं नाही. आईनं चहा ठेवला. दाराजवळच्या कोपऱ्यात तिचं पोतं नव्हतं, फरशीवर फक्त एक फिकट चौकोन उरला होता. संध्याकाळी पद्मतीर्थाकडे चक्कर मारली, कारण पायांना तीच सवय. तलावाजवळचा एक पानटपरीवाला म्हणाला, ‘ताई, बऱ्याच दिवसांनी! अन् ते कुठं?’

‘गेली,’ म्हटलं. एवढंच. त्यानं हातातला कात्याचा चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, ‘लय गुणाची होती जी.’ दीड महिन्यात मला भेटलेलं पहिलं धड सांत्वन!

जोडी नाही, तर पोळा कसा?

आमचं गाव मंगरूळपीर तालुक्यात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तिथे खांदमळण असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं, त्या खांद्याला लोणी-हळद चोळायची आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. अगदी पाहुण्याला देतात तसं, समोर उभं राहून. लहानपणी मला यात भारी गंमत वाटायची. बैल हो म्हणणार आहे का?

पद्मतीर्थावरून परतून आम्ही गावी पोचलो तर काकांचा गोठा रिकामा. हे मला माहीत होतं, तरी बघवलं नाही. काकांची जोडी म्हणजे हिऱ्या आणि मोऱ्या. हिऱ्या २०२२मध्ये लम्पीनं गेला. मोऱ्या म्हातारा, चार वर्षं नुसता बसून. पेरणी ट्रॅक्टरनं, डवरणी शेजाऱ्याच्या जोडीनं. तरी मोऱ्याचं वैरणपाणी चालू. गेल्या जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, तोही गेला.

‘आली का वं? लय वाळली,’ काका म्हणाले. त्यांच्यासमोर पाटावर मंगरूळच्या बाजारातून आणलेली मातीच्या बैलांची जोडी. ज्यांच्याकडे बैल नाहीत ते मातीचे बैल पुजतात, यात नवं काही नाही. पण काकांच्या घरात हे पहिल्यांदाच होत होतं. हाताच्या पंज्यानं बैलाचा खांदा चोळणारा माणूस एका बोटानं मातीच्या वीतभर बैलाला हळद लावत होता. लावून झाल्यावर सवयीनं उठला, रिकाम्या खुंट्यापाशी जाऊन उभा राहिला, आवतण दिलं आणि आत निघून गेला. काकू पोळपाट धूत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

बाबा हळूच म्हणाले, ‘सकाळी शेतात जाऊन येऊ.’ मी म्हटलं, ‘उद्या नको. चिखल आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पुरण शिजत होतं आणि मी चुलतभावाची बाइक घेऊन पोहरादेवीला पळाले. पळाले म्हणजे अक्षरशः पळालेच. धुऱ्यावर जायला लागू नये म्हणून.

पण आलात इकडे तर पोहरादेवी चुकवू नका. मानोरा तालुक्यातलं हे गाव, बंजारा समाजाची काशी. देशभरातून माणसं येतात. ५ ऑक्टोबर २०२४ला इथे पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारतच नंगाऱ्याच्या आकाराची, लांबून दिसते. बंजाऱ्यांची लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून शेकडो मैल चालणारे तांडे. रेल्वे आणि ट्रक यायच्या आधीचं आपलं सगळं लॉजिस्टिक्स या बैलांच्या पायांवर चालायचं. संत सेवालाल महाराजांच्या कथांमध्ये त्यांचा तोळाराम घोडा आणि गराशा बैल नावानिशी येतात. जनावराला नाव आहे आणि ते नाव लोक आजही भक्तीनं घेतात, हे मला त्या दिवशी फार बरं वाटलं. आवारात एका आजीबाईंनी विचारलं, ‘एकटीच आली का?’ मी हो म्हटलं. त्यांनी काही न बोलता प्रसादाचा मोठा तुकडा हातावर ठेवला.

दुपारनंतर गाव जागं झालं. मारुतीच्या देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण. एकेक जोडी यायला लागली. पाठीवर झुली, शिंगांना हिंगूळ आणि बेगड, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळा. झडत्या सुरू झाल्या, एक बाजू म्हणतेय, दुसरी त्याला उत्तर देतेय, पोरं शिट्ट्या मारतायत. मी जोड्या मोजल्या. एकोणीस. मी शाळेत असताना इथे मोजता यायच्या नाहीत. ट्रॅक्टरनं पोळ्याचं काय केलं, ते या एका ओळीत आलं. पण ज्याला वैरण विकत घ्यावी लागते त्यालाच बैल ठेवण्याचा खर्च माहीत. आपण पुण्यात बसून हळहळायला मोकळे!

काका तोरणाखाली आले नाहीत. ओट्यावर बसून राहिले होते. मी जाऊन शेजारी बसले. गप्प बसवेना म्हणून सगळं सांगून टाकलं. मंगळवारचा फोन, बुधवारचा न उचललेला फोन, डेडलाइन.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘लाल्या आठवते का तुले?’

लाल्या हिऱ्या-मोऱ्याच्या आधीचा. अंधुक आठवत होता.

‘ताईच्या लग्नाच्या साली इकला म्या त्याले. म्हातारा झालता. कुठं जाईन हे मले काय ठाव नव्हतं? बाजारात दावं त्या माणसाच्या हाती देल्लं अन् चाललो. त्यानं हंबरून हाक मारली. म्या मागं पाह्यलं नाही.’ थोडं थांबून म्हणाले, ‘तू त फोन नाही उचलला. म्या त दावं हातात देल्लं.’

२०१५पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे. म्हाताऱ्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक उरलेलं नाही. म्हणून काय मोऱ्या चार वर्षं खुंट्याला राहिला? मी हे विचारलं, पत्रकार ना मी! काका म्हणाले, ‘तेही खरं. पण कोणी मागतला असता तरी नसता देल्ला.’ मी विश्वास ठेवला. तुम्हीही ठेवा.

शहरातून गावाकडे आलं की आपल्याला वाटतं, इथे कसं सगळं नितळ, इथे माणसांना निरोप कसा द्यायचा ते कळतं. तसं काही नाही. इथेही निरोप द्यायचे राहून जातात आणि सोळा-सतरा वर्षं ओट्यावर बसतात. फरक एवढाच, की मोऱ्या गेला तेव्हा गल्लीतली माणसं येऊन काकांजवळ बसली. कुणी जेसीबी बोलावला, कुणी खड्ड्यात टाकायला मिठाचं पोतं आणलं. शहरात आता सोयी होतायत, मुंबईत मालाडला महापालिकेनं २०२३मध्ये पाळीव प्राण्यांसाठी दहनाची व्यवस्था सुरू केली. चांगलंच झालं. पुण्यातल्या माझ्या एका मैत्रिणीनं तिच्या मांजरीसाठी अशीच सोय शोधली, अस्थींचा छोटा डबा घेऊन घरी आली आणि अर्ध्या तासात लॅपटॉप उघडून मीटिंगला बसली. कॅमेरा ऑफ ठेवून. तिच्याजवळ येऊन बसायला कुणीच नव्हतं. मलाही तेव्हा सुचलं नाही. मी तिला हार्टचा इमोजी पाठवला होता.

करीच्या दिवशी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, आत्या आली. दारातूनच, ‘आली का वं पत्रकारीण!’ मला दरदरून घाम फुटला.

या वेळी बाबांनी विचारलं नाही. नुसते चपला घालून उभे राहिले. काका, बाबा, आई, आत्या आणि मी. काकूंनी डब्यात पुरणपोळ्या दिल्या. चिखल होताच. पायाला ढेकळं चिकटून प्रत्येकाची उंची दोन इंचांनी वाढली.

धुऱ्यावर कडुलिंबाखाली मोऱ्याची जागा पावसानं खचली होती. काकांनी वर नवी माती ओढलेली दिसत होती. त्याच्या पायाशी एक लहानसा उंचवटा, भोवती बाभळीच्या काट्या. ‘रानडुकरं उकरतात न,’ काका म्हणाले. काट्या नीट, एकमेकींत गुंतवून रचलेल्या होत्या. कडेला आईनं बर्फीची स्टीलची थाळी पालथी ठेवली होती. तिच्या कडेवर दातांचे बारीक पोचे. मी त्यावरून बोट फिरवलं आणि मग जे जुलैमध्ये व्हायला हवं होतं ते झालं. मोठ्यांदा. बाजूच्या शेतातल्या माणसानं निंदणं थांबवून बघितलं आणि परत खाली वाकला.

बरंच रडून झाल्यावर आईनं डबा उघडला. एक अख्खी पोळी मोऱ्याला. दुसरीतला तुकडा मोडता मोडता थबकली. ‘तिला गोड बंद केलं होतं डॉक्टरांनी.’

‘आता कायचं पथ्य वं,’ काका म्हणाले.

आईनं थाळी उलथी केली आणि पोळी कुस्करून घातली, वर तूप.

बाबा आणि काका पुढे बांध बघायला गेले. मी आत्याचा हात धरला आणि फोनवरची गोष्ट सांगून टाकली. तिनं सगळं ऐकून घेतलं. कपाळाला आठ्या.

‘कायनं मेली म्हणून सांगतलं?’

‘नाही विचारलं गं त्यांनी.’

‘अन् तेरवी?’

‘आत्या, सॉरी ना.’

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, इतकी की तिला कडुलिंबाला टेकावं लागलं. मग डोळे पुसले, डब्यातली उरलेली पोळी घेतली, अर्धी मोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘घे. खाय मंग माह्या तेरवीची.’

आम्ही दोघी तिथेच धुऱ्यावर बसून खाल्ली.